टर्बोचे चाक आणि तेलाचा गाळ

पेट्रोलवर चालणाऱ्या इंजिनात जळणाऱ्या इंधनाचा जमाखर्च एखाद्या चोख कारकुनाने मांडावयास घेतला, तर खर्चाच्या बाजूची पहिली मोठी रक्कम त्याला सायलेन्सरच्या नावे टाकावी लागेल; कारण इंधनात साठलेल्या शक्तीपैकी ढोबळ मानाने एक तृतीयांश भाग तप्त वायूंच्या रूपाने त्या वाटेने बाहेर जातो, जवळजवळ तितकाच रेडिएटरमार्फत हवेत विरतो, आणि चाकांपर्यंत पोचते ते उरलेसुरले. या पहिल्या रकमेपैकी थोडी तरी वसूल करता येईल काय, हा प्रश्न स्वित्झर्लंडचा अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने आपल्यापुढे ठेवला आणि १९०५ साली त्याच्या उत्तराचे पेटंट घेतले. सिलिंडरमधून वेगाने निसटणाऱ्या वायूंच्या मार्गात पात्यांचे एक चाक बसवावे, त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकास दुसरे चाक जोडावे, आणि पहिले फिरू लागले की दुसऱ्याने बाहेरची हवा ओढून, दाबून, पुन्हा इंजिनाच्याच मुखात घालावी, अशी ही तजवीज होती. कागदावर ती जितकी सरळ होती तितकीच धातूत उतरविण्यास दुर्घट ठरली. जर्मन प्रवासी जहाजांच्या दहा सिलिंडरी डिझेल इंजिनांची शक्ती या युक्तीने १७५० अश्वशक्तीवरून २५०० वर नेऊन दाखविण्यास ब्यूखीला पुढील वीस वर्षे लागली.

या युक्तीतील मर्म समजून घ्यावयाचे, तर इंजिनाची शक्ती मुख्यतः त्यात ओतलेल्या पेट्रोलवर अवलंबून असते हा आपला सर्वसाधारण समज प्रथम बाजूस ठेवला पाहिजे. पेट्रोल हवे तितके ओतता येते. अडचण हवेची असते. एक ग्रॅम पेट्रोल पूर्णपणे जळण्यास सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते, आणि दोन लिटर क्षमतेचे इंजिन मिनिटाला पाच हजार फेरे घेत असता तत्त्वतः मिनिटाला पाच हजार लिटर, म्हणजे पाच घनमीटर, हवाच काय ती आत घेऊ शकते. याहून अधिक शक्ती पाहिजे असेल तर सिलिंडर मोठे करावेत किंवा वाढवावेत, फेरे वाढवावेत, नाहीतर तेवढ्याच जागेत हवा दाटून भरावी. पहिल्या मार्गाने वजन वाढते, दुसऱ्याने झीज वाढते. तिसरा मार्ग ब्यूखीच्या युक्तीचा, म्हणजेच टर्बोचार्जरचा, आणि त्यात वाढते ते उष्णतामान. टर्बो इंजिनाच्या सर्व गुणांचा आणि सर्व विकारांचा उगम या एका गोष्टीत आहे, हे ध्यानात ठेवले म्हणजे पुढील वृत्तान्तातील बहुतेक गाठी आपोआप सुटतात.

हवा दाबली की तापते. सत्तावीस अंश सेल्सिअसची हवा साधारण पावणेदोन पट दाबाला नेली, तर सामान्य प्रतीच्या चाकातून ती जवळजवळ शंभर अंशांची होऊन बाहेर पडते. डिझेल इंजिनाला याचे भय नाही. त्यात पिस्टन वर येताना नुसती हवा दाबली जाते, इंधन मागाहून येते, आणि हवा जितकी तापलेली तितके ते सुखाने पेटते. पेट्रोल इंजिनात मात्र परंपरेने हवा आणि इंधन यांचे मिश्रणच आत येते, प्लगच्या ठिणगीने एका कोपऱ्यात पेटते, आणि ज्वाला पुढे सरकत असता दूरच्या कोपऱ्यात उरलेले मिश्रण आधीच अतिशय तापलेले असेल, तर ज्वालेची वाट न पाहता ते एकदम भडकते. यालाच नॉकिंग म्हणतात. बाहेरून ऐकू येते ती बारीक खडखड. आत मात्र पिस्टनच्या माथ्यावर आणि कडांवर हातोड्याचे घाव पडत असतात, आणि ते चालू राहिले तर पिस्टनच्या कडा तुटतात, त्याला भोक पडते, हेड गॅसकेट जळते. जहाजे आणि मालमोटारी टर्बोचा उपयोग निर्वेधपणे करीत असताना पेट्रोलच्या मोटारींना पुष्कळ काळ थांबावे लागले, त्याचे मुख्य कारण हेच.

१९६२ साली अमेरिकेतील जनरल मोटर्सने ओल्ड्समोबील जेटफायर आणि शेव्हरले कॉर्व्हेअर मोन्झा स्पायडर या दोन टर्बो मोटारी बाजारात आणल्या, त्यांपैकी जेटफायरची हकीकत बोधप्रद आहे. साडेतीन लिटरच्या त्या आठ सिलिंडरी इंजिनाचे संपीडन-गुणोत्तर, म्हणजे पिस्टन मिश्रणाला किती पट लहान जागेत दाबतो ते प्रमाण, १०.२५ इतके चढे ठेवून त्यावर टर्बो बसविण्याचे धाडस अभियंत्यांनी केले, आणि नॉकिंगच्या बंदोबस्तासाठी पाणी व मिथेनॉल यांचे मिश्रण एका वेगळ्या टाकीतून इंजिनात शिंपडण्याची सोय ठेवली. टाकी रिकामी झाली की ती पुन्हा भरण्याचे काम मालकाचे होते. मालक विसरले, त्यांच्या तक्रारी आल्या, पुष्कळ गाड्यांचे टर्बो काढून तेथे साधे कार्ब्युरेटर बसविण्यात आले, आणि दोन वर्षांत ते मॉडेल बंद झाले. पुढे १९७३ साली बीएमडब्ल्यूने १७० अश्वशक्तीची २००२ टर्बो काढली. तीत पाय दाबल्यावर काही क्षण काहीच घडत नसे आणि नंतर एकदम सारे घडे. त्यातच तेलटंचाईचे संकट कोसळले आणि १६७२ गाड्यांवर तिचे उत्पादन थांबले. पोर्शेच्या ९११ टर्बोने १९७४ पासून कीर्ती मिळविली हे खरे, पण ती धनिकांच्या आणि निष्णात चालकांच्या मंडळीत. रोज मुलांना शाळेत पोचविणाऱ्या मनुष्यासाठी टर्बो पेट्रोल इंजिन बनविण्याचे श्रेय स्वीडनमधील साब या तुलनेने लहान कंपनीस द्यावे लागते, आणि याच कंपनीच्या एका पिढीच्या इंजिनाने टर्बोला बदनामही केले, म्हणून तिचे उदाहरण येथे सविस्तर घेण्यासारखे आहे.

साब मूळची विमाने बनविणारी. तिच्या ९९ या मोटारीला आरंभी इंग्लंडच्या ट्रायम्फ कंपनीचे, पंचेचाळीस अंशांत कलते बसविलेले चार सिलिंडरी इंजिन असे. १९७२ पासून सोडरटेल्ये येथील स्वतःच्या कारखान्यात साबने त्याची दोन लिटरची, पुष्कळ अधिक मजबूत अशी आवृत्ती बनविण्यास आरंभ केला. दरम्यान १९६९ साली मालमोटारी बनविणाऱ्या स्कानियाशी तिचे एकीकरण झाले होते, आणि स्कानियाच्या डिझेल खात्यात टर्बोचे ज्ञान मुरलेले होते. सत्तरीच्या मध्यास साबला अधिक शक्तीच्या मोटारीची निकड भासू लागली, तेव्हा नवे सहा किंवा आठ सिलिंडरी इंजिन घडविण्याइतका पैसा तिजोरीत नव्हता. अशा वेळी पेर गिलब्रांड या अभियंत्याने जी तजवीज मांडली ती वरवर पाहता उलटी वाटते: मोठी शक्ती देणारा मोठा टर्बो न घेता लहान घ्यावा.

यातील तर्क असा. मोठे चाक पुष्कळ हवा ढकलते, पण ते जड असते, आणि इंजिन सावकाश फिरत असता निघणाऱ्या क्षीण वायूंनी ते हलत नाही; बीएमडब्ल्यूच्या चालकाला जो विलंब सोसावा लागे तो याचाच. लहान चाक थोडक्या वायूंनीही चटकन गती घेते, मात्र इंजिन जोरात धावू लागले की ते आवश्यकतेहून अधिक दाब निर्माण करू लागते. तेव्हा दाब ठरावीक मर्यादेस पोचताच काही वायूंना चाक टाळून परस्पर सायलेन्सरकडे जाऊ देणारी एक झडप ठेवावी. वेस्टगेट म्हणतात ती हीच. झडपेचा शोध साबचा नव्हे, पण अत्युच्च शक्तीचा मोह सोडून, शहरात आणि घाटात नित्य लागणाऱ्या मध्यम फेऱ्यांवरच्या ओढीसाठी तिचा विनियोग करावा, ही दृष्टी साबची. १९७७ साली फ्रांकफुर्टच्या प्रदर्शनात ९९ टर्बो मांडली गेली. साध्या ९९ च्या सर्वात तेज आवृत्तीची अश्वशक्ती ११८ होती, हिची १४५ भरली. आणि खरी कमाई अशी की तिची जास्तीत जास्त ओढ तीन हजार फेऱ्यांच्या आसपासच हाती येई. नॉकिंग टाळण्यासाठी संपीडन-गुणोत्तर ७.२ पर्यंत उतरविले होते, त्यामुळे टर्बो जागा होण्यापूर्वी इंजिन काहीसे मंद वाटे, आणि पेट्रोलही फार किफायतीने जळत नसे. हा दोष पुढील पाच वर्षांत ज्या रीतीने दूर झाला, ती माझ्या मते या साऱ्या कथेतील सर्वांत चतुर गोष्ट होय. पण तिच्याकडे वळण्यापूर्वी त्या फिरत्या दांड्याची अवस्था पाहून घेऊ.

सहा सेंटिमीटर व्यासाचे चाक मिनिटाला एक लाख वीस हजार फेरे घेते असे मानले, तर त्याच्या कडेचा वेग सेकंदाला पावणेचारशे मीटरहून अधिक भरतो. म्हणजे आपल्या सभोवतालच्या हवेतील ध्वनीच्या वेगाच्याही पुढे. आजच्या लहान इंजिनांतील चाके याहून लहान आणि दोन लाख फेऱ्यांच्याही पुढे जाणारी असतात. दांड्याच्या एका टोकास नऊशे अंशांहून तापलेले वायू, दुसऱ्या टोकास बाहेरची हवा, आणि अंतर तळहाताच्या रुंदीहून फारसे अधिक नाही. अशा ठिकाणी साधी बॉल बेअरिंगे दीर्घकाळ टिकविणे अवघड, म्हणून दांडा सामान्यतः सैल बसविलेल्या बुशांत, इंजिनाच्याच तेलाच्या अतिशय पातळ थरावर तरंगत ठेवलेला असतो. धातूला धातूचा स्पर्श होत नाही, म्हणून झीजही जवळजवळ होत नाही. जोवर तेल स्वच्छ आहे, पुरेशा दाबाने येते आहे आणि बरोबर उष्णता घेऊन परत जाते आहे, तोवर हे चाक लक्षावधी किलोमीटर विनातक्रार फिरते. तेल आले नाही तर त्याचा अंत काही क्षणांत होतो.

सुरुवातीच्या टर्बो मोटारींचा एक नेमका विकार येथूनच उद्भवला. चालक महामार्गावरून भरधाव येऊन थांबे आणि तत्क्षणी किल्ली फिरवून इंजिन बंद करी. त्याबरोबर तेलाचा पंप थांबे, पण लाल झालेल्या टर्बाइनची, म्हणजे तप्त वायूंकडील चाकाची, उष्णता दांड्यावाटे बुशांकडे सरकत राही, आणि तेथे अडकून पडलेले तेल, फोडणीनंतर कढईच्या कडेला राहिलेले तेल करपते तसे, करपून कोळशाचा कठीण लेप धरी. दोन-चारशे वेळा असे झाले की तेलाची बारीक नळी चोंदे, आणि मिस्त्री म्हणे की टर्बो गेला. इंजिन बंद करण्यापूर्वी मिनिटभर मंद चालू ठेवावे, हा शिरस्ता त्या काळाचा. ऐंशीच्या दशकात बुशांच्या पेटीभोवती रेडिएटरचे पाणी खेळविण्याची सोय झाली, आणि इंजिन थांबल्यावरही ते पाणी उष्णतेनेच आपोआप अभिसरण करू लागले. या विकाराची तीव्रता त्याने पुष्कळ उतरली. घाट चढून आल्यावर क्षणभर थांबण्याचा शिरस्ता मात्र आजही सोडू नये.

आता त्या चतुर गोष्टीकडे. १९८२ च्या मॉडेलपासून साबने आपल्या टर्बो इंजिनाच्या ठोकळ्यावर एक लहानसा कानच बसविला. आघाताने विद्युत्‌संकेत देणारा हा स्फटिक नॉकिंगची पहिली चाहूल लागताच नियंत्रकाला वर्दी देई, आणि नियंत्रक एका झडपेमार्फत वेस्टगेट उघडून दाब उतरवी. चाहूल थांबली की दाब पुन्हा चढविला जाई. साबने या व्यवस्थेस एपीसी हे नाव दिले. तोवर सारा बंदोबस्त सर्वांत वाईट पेट्रोल आणि सर्वांत उष्ण दिवस गृहीत धरून करावा लागे. आता समोर जसे पेट्रोल येईल आणि जशी हवा असेल तसा दाब इंजिन स्वतःच ठरवू लागले, आणि त्या भरवशावर संपीडन-गुणोत्तर ८.५ पर्यंत वाढविता आले. शक्ती तीच राहून पेट्रोलचा खर्च घटला. नॉकिंग टाळण्याचा दुसरा उपाय ठिणगी उशिरा टाकण्याचा; पण उशिरा पेटलेले वायू अधिक तप्त अवस्थेत बाहेर पडतात आणि टर्बाइनला भाजतात, म्हणून आधी दाब उतरविणे हेच शहाणपणाचे होते. आणखी एक सूक्ष्म खबरदारी अशी की, झडपेची स्प्रिंग मुळात अगदी अल्प दाबासाठी बसविलेली असे आणि वरचा सारा दाब नियंत्रकाच्या अनुज्ञेने मिळे. एखादी तार तुटली तर ती अनुज्ञा आपोआप रद्द होऊन गाडी मंद, परंतु सुरक्षित होई. बिघाड झालाच तर तो निरुपद्रवी बाजूला व्हावा, ही विमाने बनविणाऱ्यांची सवय येथे दिसते असे मला वाटते.

१९८४ पासून सोळा वाल्वांचे हेड आणि दाबलेली हवा थंड करणारा इंटरकूलर येऊन शक्ती १७५ अश्वशक्तीवर गेली, आणि १९९३ साली ट्रायॉनिक ही साबने स्वतः तयार केलेली नियंत्रणव्यवस्था आली, तीत इंधन, ठिणगी आणि दाब या तिन्ही खात्यांचा कारभार एका संगणकाकडे सोपविला होता. ठोकळ्यावरचा तो कानही आता काढून टाकला गेला. ठिणगी पडून गेल्यावर प्लगच्याच टोकांमध्ये अल्प विद्युत्‌दाब ठेवून, ज्वालेतील आयनांमधून वाहणाऱ्या सूक्ष्म प्रवाहावरून आत काय घडले याचा तपास प्रत्येक स्फोटागणिक करण्यात येऊ लागला. ज्या पेटीत ही ठिणगीची सामग्री बसविली होती ती इंजिनाच्या माथ्यावरच, अर्थात उष्णतेत, असल्यामुळे अधूनमधून अचानक निकामी होई, आणि जाणते मालक तिची एक जादा प्रत डिकीत बाळगून फिरत. साब ९०० मध्ये याहून गंभीर उणेपणा गिअरबॉक्सचा होता. इंजिनाच्या पोटाखाली बसविलेला तो गिअरबॉक्स जुन्या, अशक्त इंजिनाच्या मापाने बेतलेला असल्याने टर्बोची ओढ त्याला पेलत नसे, आणि इंजिन ठणठणीत असता गिअरबॉक्स उतरवावा लागल्याचे दाखले पुष्कळ आहेत.

इंजिनाच्या टिकाऊपणाबद्दल मात्र साबला आपला लौकिक जगापुढे सिद्ध करावयाचा होता. १९८६ च्या ऑक्टोबरात अमेरिकेतील अलाबामा राज्यात टॅलाडेगा येथील शर्यतीच्या मार्गावर कंपनीने ९००० टर्बोच्या तीन गाड्या रात्रंदिवस पळविल्या. पेट्रोल, टायर, चालकांची अदलाबदल आणि ठरलेली देखभाल यांपुरते थांबत त्यांनी एक लक्ष किलोमीटर पुरे केले, आणि सर्वांत जलद गाडीचा सरासरी वेग, थांबण्याचा वेळ धरून, ताशी २१३ किलोमीटर भरला. वीस दिवस अहोरात्र पाय दाबून धरलेले टर्बो इंजिन तुटले नाही, ही गोष्ट त्या काळी अद्‌भुत वाटली. तशीच ख्याती विस्कॉन्सिन राज्यातील एका फिरत्या विक्रेत्याच्या १९८९ च्या ९०० टर्बोची; तिने दहा लाख मैलांचा टप्पा ओलांडला आणि तेथील मोटारींच्या संग्रहालयात तिला जागा मिळाली.

या दोन्ही दाखल्यांचा अर्थ सामान्यतः असा लावला जातो की, इंजिनाने अत्यंत कठोर परीक्षा दिली. वस्तुतः टॅलाडेगाची परीक्षा एका अर्थी सौम्य होती. तेथे इंजिन एकदा तापले ते तापलेलेच राहिले. तेल योग्य उष्णतामानावर सतत वाहते राहिले, त्यात मिसळलेले पेट्रोल व पाण्याचा अंश उडून गेला, थंड इंजिन पुनःपुन्हा सुरू करण्याचा प्रसंग नाही, तापलेले अकस्मात बंद करण्याचा नाही. विक्रेत्याच्या गाडीचीही तीच गोष्ट. लांब पल्ल्याची, एका लयीत चालणारी वाटचाल आणि नियमाने बदललेले तेल. इंजिनाला खरे मारक असते ते दुसरेच जिणे: सकाळी थंड इंजिनाने दोन किलोमीटर जाऊन भाजी आणावी, तासाभराने पुन्हा दोन किलोमीटर जावे, तेल कधी पुरते तापूच नये, आणि वर्षाअखेर मीटरवर आकडा थोडा दिसतो म्हणून तेल बदलण्याची मुदत पुढे ढकलावी. दाब किती सोसतो हा प्रश्न टॅलाडेगाने सोडविला होता. तेलाचा प्रश्न तेथे विचारलाच गेला नव्हता.

तो नव्वदीच्या अखेरीस विचारला गेला. १९८९ च्या अखेरीस साबच्या मोटार खात्याचा अर्धा हिस्सा जनरल मोटर्सने घेतला होता. १९९७ साली आलेल्या ९-५ या मोटारीसाठी जुन्याच घराण्यातील २.३ लिटरचे इंजिन नव्याने मांडण्यात आले. अंतर्गत घर्षण घटविले, भाग हलके केले, पेट्रोलचा खर्च आणि धुरातील विषारी अंश यांच्या नव्या कायदेशीर मर्यादा पाळल्या. थंड इंजिन सुरू होताच धूर शुद्ध व्हावयाचा तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर झटपट तापला पाहिजे, म्हणून तो इंजिनाजवळ आणला गेला. आणि जी जागा मिळाली ती तळाच्या तेलपात्राला, ज्याला आपल्याकडचे मिस्त्री चेंबर म्हणतात त्याला, लागून होती. पिस्टनच्या कडांतून खाली झिरपणारे वायू बाहेर ओढून घेणाऱ्या नळ्यांची व्यवस्था अपुरी ठरली. आणि तेल बदलण्याची मुदत, स्पर्धकांना मागे टाकण्याच्या हौसेने, सोळा हजार किलोमीटर व त्याहूनही पुढे नेण्यात आली होती, तीही सर्वत्र पूर्ण सिंथेटिक तेलाचा आग्रह न धरता.

या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या पाहिल्या तर प्रत्येकीचे समर्थन करता येते. धूर शुद्ध व्हावा, नळ्या सुटसुटीत असाव्यात, मालकाचा खर्च कमी व्हावा, यात वावगे काय? पण त्या एकत्र आल्या तेव्हा चेंबरमधील तेल बाजूच्या कन्व्हर्टरने तापून जुने होऊ लागले, छोट्या फेऱ्यांत साचलेले पाणी व अर्धवट जळालेले इंधन त्यात मिसळू लागले, आणि काळा, चिकट गाळ तळाशी बसू लागला. तेलाचा पंप ज्या जाळीतून तेल ओढतो ती जाळी गाळाने भरली की दाब उतरतो. येथे एक दुष्ट योगायोग आहे: चालकासमोरचा तेलाचा लाल दिवा दाब जवळजवळ नाहीसा झाल्यावरच लागतो, त्यामुळे कमी दाबाने पण विनासूचना इंजिन दीर्घकाळ धावत राहते, आणि दिवा लागेपर्यंत कनेक्टिंग रॉडची बेअरिंगे खरवडली गेलेली असतात. कधी चेन ढिली पडे, कधी टर्बोचे बुश जात. आणि टर्बो गेला की लोक टर्बोलाच दोष देत. बिचारे चाक साक्षीदार होते, त्याला आरोपी करण्यात आले.

कंपनीने नळ्यांची मांडणी एकामागून एक अशी अनेक वेळा सुधारली, २००४ च्या मॉडेलपासून तक्रारी ओसरल्या, आणि २००५ मध्ये अमेरिकेत मधल्या वर्षांतील गाड्यांना गाळाच्या बिघाडासाठी आठ वर्षांची वाढीव हमी दिली, मात्र तेल वेळेवर बदलल्याचे दाखले सादर करण्याची अट घालून. ज्यांनी चेंबर उतरवून जाळी धुतली, नळ्यांचा नवा संच बसविला आणि आठ हजार किलोमीटरवर सिंथेटिक तेल बदलण्याचा नेम पाळला, त्यांची तीच इंजिने पुढे अडीच-तीन लाख किलोमीटर सहज चालली. ठोकळा तोच, टर्बो तोच, २३० ते २५० अश्वशक्ती देणारा दाबही तोच. एखाद्या इंजिनाचा लौकिक त्याच्या मुख्य अवयवांवर ठरतो अशी आपली कल्पना असते. वास्तविक पुष्कळदा तो नळीच्या व्यासावर आणि सर्व्हिस-पुस्तिकेतील एका आकड्यावर ठरतो. साब २०११ च्या डिसेंबरात दिवाळखोर झाली, पण इंजिनाची पुढची कहाणी निराळी आहे: त्याचे हक्क व यंत्रसामग्री चीनमधील बीजिंग ऑटोमोटिव्ह या कंपनीने २००९ च्या अखेरीसच विकत घेतली होती, आणि तिच्या सेनोव्हा नावाच्या मोटारींत १.८, २.० व २.३ लिटरची त्याची वंशज इंजिने पुढे धावू लागली.

आपल्याकडे टर्बो पेट्रोल इंजिन सामान्य ग्राहकाच्या दारी आले ते साबच्या ९९ टर्बोच्या पुष्कळ नंतर, आणि त्याला कारण झाला तो करांचा तक्ता. चार मीटरांहून आखूड आणि १२०० घनसेंटिमीटरपर्यंतच्या पेट्रोल इंजिनाच्या मोटारीवर कर कमी. तेव्हा या मापातच शक्ती बसवावयाची तर हवा दाबण्यावाचून गत्यंतर नाही. २०१३ साली पुण्याजवळच्या चाकण येथे बनणाऱ्या फोक्सवॅगन पोलोची १.२ लिटरची टर्बो आवृत्ती आली, पाठोपाठ २०१४ मध्ये टाटांच्या झेस्टमधून तेवढ्याच मापाचे टर्बो इंजिन आले, आणि आज एक लिटरची तीन सिलिंडरी टर्बो इंजिने पुण्या-मुंबईच्या रस्त्यांवर सर्रास दिसतात. आपल्या शहरांतील वाहनकोंडी, उन्हाळा आणि छोट्या फेऱ्या ही तेलाला कष्टविणारी परिस्थिती आहे, हे सर्व्हिस-पुस्तिकांतच ‘कठीण वापर’ अशा मथळ्याखाली बारीक अक्षरांत मान्य केलेले असते. त्या मथळ्याखाली दिलेली आखूड मुदत आपल्यालाच उद्देशून आहे असे समजून चालावे.

या नव्या इंजिनांपैकी अनेकांत पेट्रोल थेट सिलिंडरात फवारले जाते, त्यामुळे मिश्रण आतून थंड होते आणि दहाच्या आसपासचे संपीडन-गुणोत्तर टर्बोसह सहज पेलते. जेटफायरच्या टाकीतील पाण्याचे काम आता पेट्रोलच करते. पण फवारा वाल्वांच्या मागील बाजूस लागत नसल्यामुळे तेथे काजळी साचते, आणि नॉकिंगचा एक नवा, अधिक घातक भाऊबंद पुढे आला आहे. उंच गिअरमध्ये, दीड-दोन हजार फेऱ्यांवर, चालकाने एकदम पाय दाबला असता ठिणगी पडण्यापूर्वीच मिश्रण पेटते आणि एका फटक्यात पिस्टन फुटू शकतो. शोध घेता असे आढळले की, सिलिंडरच्या भिंतीवरून उडालेले तेल व इंधन यांचे थेंब आणि काजळीचे कण त्यास कारण होतात, आणि तेलात मळ धुण्यासाठी घातलेल्या कॅल्शियमच्या संयुगांचाही त्यात हात असतो. कॅल्शियम काही अंशी काढून त्याजागी मॅग्नेशियम घातले की हा उपद्रव पुष्कळ कमी होतो. म्हणून अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटने २०१८ साली एसएन प्लस आणि २०२० साली एसपी या प्रती जाहीर केल्या, त्यांत या बिघाडाची स्वतंत्र कसोटी आहे. टर्बो पेट्रोल मोटारीसाठी तेल घेताना डब्याच्या पाठीमागील वर्तुळात यांपैकी एखादी किंवा त्यांच्या पुढची प्रत छापलेली आहे ना, आणि पुस्तिकेत सांगितलेला घट्टपणाचा अंक तोच आहे ना, एवढे दुकानात उभे राहूनच पाहून घ्यावे.